पाठकोरी बाजू

वाऱ्याने ढकललं म्हणून ती त्या दुकानात शिरली. एरवी तिची हिंमत झाली नसती.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडे असतो तो भला थोरला, चपटा, काळा पोर्टफोलिओ तुम्ही पाहिला असेल. वाऱ्याच्या दिवशी तो घेऊन चालणं म्हणजे घराचं दार काढून काखेत मारून चालण्यासारखं आहे. त्या दुपारी कोपऱ्यावर वळताना वाऱ्याने पोर्टफोलिओला धरलं, पोर्टफोलिओने तिला ओढलं, आणि दोघं एका उघड्या दारातून थेट आत!

"हलू नका!" आतून कोणीतरी ओरडलं.

ती जागच्या जागी थिजली. एक पाय आत, एक बाहेर.

"काच कापतोय. अर्धी रेघ झालीय, आता थांबलो तर वेडीवाकडी तुटेल. तेवढा वारा अडवून धरा ना!"

म्हणजे पोर्टफोलिओ दारात आडवा धरायचा आणि गुमान उभं राहायचं. ती राहिली. भिंतीभर लाकडी पट्ट्या टेकलेल्या, वर रिकाम्या चौकटी टांगलेल्या, आणि मधल्या टेबलावर एक तरुण ओणवा. कानावर पेन्सिल, दातांत जिभेचं टोक. कटर सरकत सरकत कडेपर्यंत गेला, कट्ट असा आवाज झाला आणि काचेचे सरळ दोन तुकडे झाले. मग कुठे त्याने मान वर केली.

"बोला. काय हवंय?"

"काही नाही... वाऱ्याने आणलं."

"वाऱ्याने आणलेल्या गिऱ्हाइकाला चहा मिळतो. दुकानाची पद्धत आहे."

"खरंच?"

"आजपासून."

एवढंच बोलणं. पण हसू नका, कॉलेजला तीन दिवस सुट्टी होती आणि त्या तीन दिवसांत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. 'काही नाही' म्हणताना स्वतःचाच आवाज तिला घोगरा वाटला. चहाचा कप हातात आल्यावर तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, तेव्हा तिने वाफेला दोष दिला.

"नाव काय तुमचं?" त्याने विचारलं.

"घरी धाकटी म्हणतात. कॉलेजात झेरॉक्स. कुठलं हवं ते घ्या."

"दोन्ही नकोत. मी आपलं 'अहो' म्हणतो."

"अहो, अहो तर बायका नवऱ्याला म्हणतात!"

"मग तुम्ही म्हणू नका," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. गंमत म्हणजे ती आत्ताच म्हणून बसली होती.

झेरॉक्स हे नाव तिला वर्गाने दिलं होतं. कारण असं, की जे दिसेल ते तिच्या हातातून जसंच्या तसं उतरायचं. मूळ चित्र आणि तिचं चित्र शेजारी ठेवलं तर मूळ चित्र काढणाराही गोंधळेल. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा ती सगळ्यांबरोबर हसली आणि खोलीवर येऊन रडली. खोली भाड्याची, एका खिडकीची. घरमालकीण काकू बंद दाराआडूनच बोलायच्या. "नळ बंद केला का गं?" एवढा त्यांचा दिवसभराचा संवाद. खोलीत एक स्टूल, एक कप, एक चमचा. दुसरा कप घ्यावा असं तिला दोनदा वाटलं होतं, पण तो कोणासाठी, हे दुकानात उभं राहून तिला सुचेना, म्हणून राहिलं.

त्या वर्षीचं मोठं काम होतं 'प्रतिसाद'. बारा चित्रकार नि डिझायनर निवडायचे, त्यांचं काम नीट बघायचं आणि प्रत्येकाला एकेका कागदावर चित्रातूनच उत्तर द्यायचं. उत्तर म्हणजे उत्तर हो, नक्कल नव्हे! शिकवणाऱ्या बाई फार कडक नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. तिचा पहिला कागद त्यांनी हातभर लांब धरून पाहिला.

"हात सोन्याचा आहे तुझा. पण हे त्यांचंच आहे गं. यात तू कुठे आहेस?"

"इथेच आहे ना, बाई," ती म्हणाली. सगळा वर्ग हसला.

"हे बघ, नकलेला मी पास करणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. बाहेरचे परीक्षक येणार आहेत, त्यांना हात आवडला तर तुझं नशीब."

आणि पास होणं गरजेचं होतं, कारण घरी करार झाला होता. पहिलं वर्ष कसंबसं निघालं तेव्हाच बाबा म्हणाले होते, "ह्या वर्षी नापास झालीस तर मुकाट्याने परत यायचं. भावोजींच्या फरशांच्या दुकानात विश्वासाचं माणूस हवंच आहे." आई मागून म्हणाली होती, "ये बाई परत. तिथे एकटीने कुढत बसतेस, दिसत नाही का आम्हाला?" खरं सांगायचं तर सुरुवातीला तिला स्वतःलाच ते बरं वाटलं होतं. नापास व्हावं आणि सुटावं.

पण मग वारा आला ना मध्ये!

त्यानंतर ती दर बुधवारी आणि शनिवारी त्या दुकानात जायला लागली. कारणं कोण विचारतंय? एकदा माउंटचा पुठ्ठा हवा होता, एकदा नुसतं त्याचं माप विचारायचं होतं, एकदा विचारलेलं माप विसरली होती. दुकान त्याच्या मामाचं. मामा थकले, लेकीकडे राहायला गेले आणि हा एकटाच उरला. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नांचे, दुसऱ्यांच्या बाळांचे फोटो काचेखाली घालायचे आणि संध्याकाळी शटर ओढून त्याच टेबलावर एकट्याने डबा खायचा. हे त्याने तिला हसत हसत सांगितलं, पण तिला काही हसू आलं नाही.

लायब्ररीतल्या पुस्तकांतल्या चित्रांच्या रंगीत प्रती काढून ती त्याला दाखवायला आणायची. स्वतःचं काम मात्र कधीच नाही. "झाल्यावर बघा," म्हणायची. कलाकारांची खरी नावं तिला परीक्षेपुरती पाठ होती. एरवी तिने त्यांना आपली नावं ठेवली होती. काळा-तांबडा म्हणजे दोनच रंगांत पोस्टरं करणारा. खुर्चीवाले आजोबा म्हणजे आयुष्यभर खुर्च्याच डिझाइन करणारे. शिंतोडेवाला कोण, ते सांगायला नकोच.

"एक खिळा नाही ह्या खुर्चीत," ती म्हणाली.

तो ती प्रत उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. "मग सांधा कशावर उभा आहे? ...अच्छा, असा अडकवलाय! हा म्हातारा माझ्या पोटावर पाय आणणार."

"आवडली?"

"खुर्ची आवडली. पण कोणी बसलेलं का नाही दाखवलं?"

"डिझाइनच्या पुस्तकात माणसं नसतात हो."

"माझ्या दुकानातही नव्हती," तो म्हणाला. मग घाईघाईने पट्टी मोजायला लागला – मघाशीच मोजलेली.

दुसऱ्या एका शनिवारी तिने खिडकीवाल्या बाई आणल्या. ह्या बाईंनी तीस वर्षं एकच खिडकी रंगवली होती. सकाळची, धुक्यातली, पडदा असलेली, पडदा नसलेली.

"कंटाळल्या नसतील?" ती म्हणाली.

"कोणीतरी येणार असेल तर माणूस कंटाळत नाही." तो मान खाली घालून चौकटीला पॉलिश घासत होता. "मी पण बुधवार-शनिवार दुपारी दाराकडे तोंड करूनच काम करतो. उजेड बरा येतो त्या बाजूने."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस... उजेड कमी असतो."

त्या दिवशी ती घरी चालत गेली की तरंगत, तिचं तिला ठाऊक. खोलीवर पोचली, कुलूप उघडलं आणि नेहमीसारखी शांतता अंगावर आली. पण त्या संध्याकाळी ती शांतता जास्त बोचली. एकटेपणाचं असंच असतं. अजिबात कोणी नसतं तोवर माणूस निभावतो, आणि कोणीतरी अर्धा तास नीट बोललं की उरलेला दिवस खायला उठतो.

आता तिच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. रंगवून झालं की बशीत थोडा रंग उरतो. तो धुऊन टाकणं तिच्या जिवावर यायचं. लहानपणी घरात पाठकोरा कागद कधी फेकला जात नसे. एका बाजूला हिशेब असला तरी दुसरी बाजू मुलींची. तीच सवय. चित्राची पुढची बाजू वाळली की ती कागद पालथा घालायची आणि उरलेला रंग पाठीमागे संपवायची. काय काढायचं? समोर दिसेल ते. तिथे कोणाचा हात गिरवायचा नसायचा. आणि चित्राखाली त्या कलाकाराशी दोन शब्द बोलायचे. दुसरं होतं कोण बोलायला?

खुर्चीवाल्या आजोबांच्या पाठीमागे तिचं एकुलतं स्टूल होतं, त्यावर तिची पिशवी. खाली लिहिलं होतं, 'आजोबा, खुर्ची झकास. पण माझ्याकडे बसायला येणारं कोणी नाही, म्हणून पिशवीला बसवलंय.' काळ्या-तांबड्याच्या पाठीमागे काकूंचं बंद दार. 'एवढं ओरडू नका, भिंत पातळ आहे.' खिडकीवाल्या बाईंच्या पाठीमागे तिची खिडकी, समोरच्या गच्चीवर वाळणारा कोणाचा तरी शर्ट. 'बाई, मलाही रोज हा एवढाच शर्ट भेटतो.'

बारावा कलाकार होता माणसांचे चेहरे रंगवणारा. जन्मभर आपल्या बायकोचेच चेहरे रंगवले त्याने. पुढच्या बाजूला तिने ती बायको हुबेहूब उतरवली. मग कागद पालथा घातला. बशीत तपकिरी, थोडा पांढरा, थोडा लाल उरला होता. आणि खोलीत समोर काहीच नवीन नसताना तिच्या हाताने एक ओणवा माणूस काढला. कानावर पेन्सिल, दातांत जिभेचं टोक. लाल रंग कानांना लागला. खाली तिने लिहिलं, 'तुम्ही तिला रोज बसवून बघत होतात. मी ह्यांना चोरून बघते. ह्यांना मी आवडते का, हे कोणाच्या शैलीत विचारू?'

परीक्षेच्या तीन दिवस आधी बारा कागद पोर्टफोलिओत घालून ती दुकानात गेली. नेमकं एक कुटुंब सात जणांचा फोटो घेऊन आलं होतं आणि सातही जण एकदम बोलत होते. तिने पोर्टफोलिओ ठेवला, "बारा आहेत, पांढऱ्या बोर्डावर चिकटवा, परवा दुपारी येते," म्हणाली आणि पळाली. चिकटवायचं म्हणजे पाठीला गोंद फासायचा आणि गोंद फासायचा म्हणजे पाठ बघायची, हे तिच्या लक्षात आलं नाही. आलं नाही, असं ती अजून शपथेवर सांगते. ठेवा विश्वास.

ठरल्या दुपारी ती गेली. दारात पाऊल टाकलं आणि तिथेच थबकली.

भिंतीला अकरा बोर्ड ओळीने टेकवलेले होते. कडा सुरेख कापलेल्या, कोपरे काटकोनात. आणि अकराच्या अकरांवर स्टूल, काकूंचं दार, गच्चीवरचा शर्ट, एकटा चमचा! सगळी पाठकोरी बाजू वर.

"हे... हे काय केलंत तुम्ही?"

तो टेबलामागे उभा होता, चेहरा पडलेला. "ऐकून घ्या..."

"डोळे आहेत का बटणं? उलटी लावलीत सगळी! उद्या परीक्षा आहे माझी! काढा. आत्ताच्या आत्ता काढा!"

"निघणार नाहीत. फाटतील."

ती मटकन खाली स्टुलावर बसली आणि तोंडावर हात घेऊन हमसून रडायला लागली. वर्षभराची मेहनत, तो सोन्याचा हात, सगळं गोंदाखाली गेलं होतं. उद्या नापास, परवा गाडी, तेरवा भावोजींच्या दुकानात 'ही फरशी घसरत नाही बघा'. आणि बुधवार-शनिवार कायमचे संपले.

"मला वाटलं, प्रिंट आहेत," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"तुम्ही पुस्तकातल्या प्रती दाखवायचात ना, अगदी त्याच. फरक म्हणून नाही. मला वाटलं, जुनी छापील पोस्टरं आहेत. कागद वाचवायला तुम्ही पाठकोऱ्या बाजूवर आपलं काम केलंय. स्टूल बघितलं आणि म्हटलं, हे तुमचं. शंकाच आली नाही हो."

ती रडता रडता थांबली. चिडावं की काय करावं, कळेना. मग तिने भिंतीकडे पाहिलं. अकरा बोर्ड, एका ओळीत. तिने ते कधी एकत्र पाहिलेच नव्हते. तिची खोली होती ती, तिचं अख्खं वर्ष होतं. कोणाही परक्याने पाहिलं तरी त्याला कळलं असतं की इथे एक मुलगी राहते, ती फार एकटी आहे आणि बरीच मिश्किल आहे. स्वतःच्याच पिशवीची तिला दया आली.

"शर्टवाल्याला मी तीन वेळा हसलो," तो म्हणाला. "आणि चमच्याला... नाही हसलो."

तिने नाक पुसलं. मग बोर्ड मोजले. पुन्हा मोजले.

"बारावं कुठे आहे?"

त्याने टेबलाकडे बोट केलं. टेबलावर एक कागद होता, वर पातळ पांढरा कागद झाकलेला. कडेला गोंदाचं भांडं उघडं होतं, ब्रश वाळून कडक झालेला.

"ते नाही चिकटवलं," तो म्हणाला. "गोंद घेतला होता हातात. एका बाजूला एक बाई आहे, दुसऱ्या बाजूला मी आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की माझा चेहरा जुन्या पोस्टराच्या पाठीवर कोणी उगाच काढत नाही. मग ती बाई भिंगाखाली धरून बघितली, तर ब्रशचे फटकारे! तेव्हा कळलं, मी अकरा वेळा माती खाल्लीय." त्याने वरचा पातळ कागद बाजूला केला. "पण बारावी चूक करायची नाहीये. सांगा. कुठली बाजू वर?"

वरच्या बाजूला ती बायको होती. शांत, देखणी, कोणाची तरी. ही निवडली असती तर निदान एक चित्र परीक्षकांना हात दाखवायला उरलं असतं. आणि खालचा प्रश्न कायमचा गोंदात बुडाला असता. किती सोपं होतं!

"खाली लिहिलंय ते वाचलंत?" तिने विचारलं.

"बावीस वेळा."

"मग आधी त्याचं उत्तर द्या."

"उत्तर दिलं तर तुम्ही त्यावरून ठरवाल. परीक्षा तुमची आहे."

"अहो, कसली परीक्षा घेऊन बसलात! वर्षभर मी भांड्यांशी बोलतेय. एकदा तरी कोणीतरी मला उत्तर देईल का?"

त्याचे कान लाल झाले, अगदी तिने रंगवले होते तसे. "आवडता," तो म्हणाला. "फार आवडता. मला नीट बोलता येत नाही. शनिवारी तुम्ही गेलात की मी दुकान लवकर बंद करतो, कारण नंतर कोणी आलं तरी मला तुमच्याच गोष्टी आठवत असतात, आणि मापं चुकतात. बास, एवढंच आहे."

ती उठली. कागद स्वतःच्या हाताने पालथा घातला.

"ही बाजू," ती म्हणाली. "आणि तुझा ब्रश वाळलाय, दुसरा घे."

चार हातांनी त्यांनी तो कागद बोर्डावर बसवला. गोंद धरेपर्यंत दहा मिनिटं दाबून ठेवावं लागतं, असं तो म्हणाला. खरं तर पाच पुरतात.

दुसऱ्या दिवशी परीक्षक त्या बारा बोर्डांपुढून दोनदा गेले. मग म्हणाले, "मूळ कलाकारांचा अभ्यास कुठे आहे?"

"मागे आहे, सर. चिकटलाय."

"मुद्दाम उलटे लावलेत?"

खोटं बोलली असती तर मोठी कलाकार ठरली असती. "नाही सर. फ्रेमवाल्याची चूक."

"आणि हे महाशय कोण?" बाराव्यापुढे थांबून त्यांनी विचारलं.

"तोच फ्रेमवाला."

वर्ग खो खो हसला, आणि ह्या वेळी खोलीवर जाऊन रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. परीक्षक मात्र खाली वाकून तिची दोन ओळींची अक्षरं वाचत राहिले. बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. पहिलीबिहिली काही आली नाही, काठावर पास झाली. बारा कागदांवर बारा चित्रकारांचा अभ्यास दिसत नसताना याहून जास्त गुण कोण देणार? तिने घरी फोन लावला.

"पास झाले, आई. मी येत नाहीये."

"झालीस? अगं बाई!" आई आनंदली, आणि मग तिचा आवाज पडला. "म्हणजे आणखी वर्षभर तिथेच. कसं होणार गं तुझं? अशी एकटी..."

"एकटी नाही, आई."

पलीकडे बाबांच्या बातम्यांची बडबड चालू होती, ती आईने बंद करायला लावली. मग फोन तोंडाजवळ धरून, आवाज अगदी खाली आणून आईने विचारलं,

"काय करतो?"